खाली, आणखी खाली

अलिबाग ते मुरूड पट्ट्यातली जुनी कौलारू घरं नवी करणाऱ्या मंडळींचं करावं तेवढं कौतुक थोडंच. जुन्या लोकांनी संडास वाडीच्या टोकाला, विहिरीपासून लांब बांधले. बिचाऱ्यांना सौंदर्यदृष्टी नव्हती. आता प्रत्येक खोलीला बाथरूम हवं, आणि तेही उंबरठ्याविना, जमिनीला सपाट. मग मैल्याची लाइन खाली घेणं आलंच. चार इंची पाइपला शंभर फुटांमागे निदान फूटभर उतार हवा. लाइन खाली गेली की सेप्टिक टाकी खाली, टाकी खाली की शोषखड्डा त्याहून खाली. मे महिन्यात खणलेला खड्डा ठणठणीत कोरडा असतो. ठेकेदार त्याचे फोटो काढून बिल चुकतं करून घेतो. जुलैत जमिनीतलं पाणी वर येतं आणि पाइपमधला प्रवास उलट दिशेने सुरू होतो.

शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून १८ मीटर लांब असावा, असं भारतीय मानक २४७० सांगतं. हा नियम तर काटेकोर पाळला जातो. स्वतःच्या विहिरीपासून टेप लावून १८ मीटर, म्हणजे बरोब्बर शेजाऱ्याच्या रहाटापाशी.

आमची नम्र सूचना अशी की आता थांबू नये. आणखी चार फूट खणून खड्ड्यावरच पंप बसवावा. तिथूनच उपसावं, तिथेच सोडावं, पाणीटंचाई कायमची मिटेल. घरमालकांनी या योजनेला तत्त्वतः मान्यता दिली आहे. स्वतःच्या पिण्यासाठी ते शुक्रवारी मांडव्याच्या बोटीतून बाटल्यांचे खोके आणतात.