सेक्टर कुठला घ्यावा?

इन्व्हेस्टमेंट बँकेत पैसे ठेवता येत नाहीत आणि काढताही येत नाहीत. कंपन्यांना भांडवल उभारून देणे, एका कंपनीच्या गळ्यात दुसरी कंपनी बांधणे आणि दोन्ही वेळा फी घेणे, हे तिचे काम. भारतात यासाठी मर्चंट बँकर म्हणून सेबीकडे नोंदणी लागते. तरीही वसई-विरारचा मुलगा बीकेसीतल्या अशा बँकेत लागला की सोसायटीत त्याला दोनच प्रश्न येतात : शाखा कुठली, आणि एफडीला किती टक्के? खरा प्रश्न बँकेच्या आत विचारला जातो : सेक्टर कुठला?

बँकेत टीम दोन प्रकारच्या असतात. प्रॉडक्ट टीम सगळ्या कंपन्यांचे एकच काम करते : कोणी आयपीओ, कोणी कर्जरोखे, कोणी विलीनीकरण. सेक्टर टीम एकाच उद्योगातल्या कंपन्यांची सगळी कामे पाहते. तिथे गेलेल्या नवख्याला त्या उद्योगाबद्दल ठाम मत असावे लागते. माहिती मागाहून आली तरी चालते.

सेक्टर समजून घ्यायला पालघर जिल्हा पुरेसा आहे. बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीत औषधे आणि रसायने, जवळच 1969 पासूनचे अणुवीज केंद्र. डहाणूजवळ 76 हजार कोटींहून अधिक खर्चाचे वाढवण बंदर, ज्याची पायाभरणी ऑगस्ट 2024 मध्ये झाली. वालीव-गोखिवऱ्याला इंजिनिअरिंगचे गाळे, नालासोपारा-विरारला बांधकाम, पापडीला 1918 सालची बसीन कॅथॉलिक बँक. मोठ्या व्यवहाराचा दाखलाही घरचाच आहे. 31 डिसेंबर 1802 च्या वसईच्या तहात दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची तैनाती फौज घेतली, तिच्या खर्चापोटी 26 लाख उत्पन्नाचा मुलूख दिला आणि परराष्ट्र व्यवहार इंग्रजांच्या हाती सोपवले. चांगला सल्लागार कोणत्या बाजूला होता, हे अटी वाचून कळते.

किंमत काढायची रीत सेक्टरगणिक बदलते. वित्तसंस्थांच्या टीमला ‘फिग’ म्हणतात. इतरत्र जपमाळेसारखा चालणारा एबिटडा, म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा, तिथे निरुपयोगी, कारण बँकेला व्याज हा कच्चा माल. म्हणून पुस्तकी मूल्याच्या किती पट, ते पाहतात. रिअल इस्टेटमध्ये न बांधलेल्या इमारतीतून येणारी रोकड आजच्या भावात मांडतात. औषधांच्या टीमने महिनाभर खपून केलेले मॉडेल अमेरिकेच्या एफडीएच्या एका पत्राने पुन्हा करावे लागते. टेक्नॉलॉजीत नफा नसेल तर विक्रीला गुणतात, विक्रीही बेताची असेल तर वापरकर्त्यांना. नोव्हेंबर 2021 मध्ये 2,150 रुपयांना विकलेला पेटीएमचा शेअर पहिल्याच दिवशी 27 टक्के पडला, तेव्हा गुणाकाराला मर्यादा असते हे अनेकांना समजले. सरकारी कंपन्यांच्या आयपीओत मान मोठा, फी नाममात्र आणि वाटेकरी फार. मे 2022 मधल्या एलआयसीच्या इश्यूला दहा बँका होत्या.

निवडीचा पहिला निकष म्हणजे पुढची नोकरी. विरार फास्टमध्ये मुरलेला माणूस खिडकी शोधत नाही. आपल्या स्टेशनचा प्लॅटफॉर्म कुठल्या बाजूला येतो, ते आधी पाहतो. कंझ्युमर किंवा इंडस्ट्रियलमध्ये शिकलेले मॉडेल प्रायव्हेट इक्विटीत कुठेही चालते. फिगमधला माणूस बहुधा फिगमध्येच उतरतो.

दुसरा निकष तेजीचा. आज ज्या सेक्टरची हवा आहे, त्यात सगळेच घुसतात आणि मुलगा तयार होईपर्यंत हवा गेलेली असते. तिसरा निकष माणसांचा, आणि तोच सर्वांत खरा. रात्री अकरा वाजता सादरीकरणाच्या 64 व्या पानावरचा निळा रंग बदलायला सांगणारा साहेब प्रत्येक सेक्टरमध्ये निळाच बदलायला सांगतो.

प्रत्यक्षात ही निवड बहुतेक वेळा एचआर करते आणि जिथला माणूस सोडून गेला तिथे नवा बसवते. तरी विचारलेच, तर विरारकराने आणखी एक गोष्ट बघावी. रात्री उशिरापर्यंत थांबणाऱ्यांना अशा बँका सहसा टॅक्सीचे भाडे देतात. वांद्र्याला राहणाऱ्याचे भाडे कोणाच्या नजरेत भरत नाही. बीकेसी ते विरारचे भरते. हे बिल ज्या साहेबाच्या खर्चात पडते आणि जो ते वाचून सही करतो, त्याची टीम डोळे मिटून घ्यावी. तो विरारच्या मुलाला शेवटच्या गाडीच्या आत सोडतो.