काकतालीय न्याय आणि ब्राउझरनिष्ठा: महापे संप्रदायाचा अभ्यास

महापेच्या मिलेनियम बिझनेस पार्कबाहेरच्या टपरीवर दुपारी दीड ते सव्वादोन या वेळात एक शास्त्रार्थ नित्यनेमाने चालतो. विषय एकच: भरवशाचा ब्राउझर कोणता? वादात उतरणारे सगळे सिस्टिम अ‍ॅडमिन. ‘नेट चालत नाहीये’ या फोनने ज्यांचा दिवस उजाडतो आणि ‘आता आपोआप चालू झालं’ या फोनने मावळतो, तो वर्ग. प्रस्तुत लेखकाने या सभेत अठरा वर्षं कटिंग प्यायली आहे, आणि त्याच अधिकाराने हा प्रबंध सादर होत आहे. मार्गदर्शक नाही, अनुदान नाही. चहाचे पैसे स्वतःचे.

आधी प्रमाणविचार. न्यायशास्त्र प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणं मानतं. टपरीवर प्रत्यक्ष म्हणजे ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’. अनुमान म्हणजे ‘पीसी स्लो आहे ना, मग क्रोमच रॅम खात असणार’. उपमान म्हणजे ‘क्रोम ही फास्ट लोकल आहे, पोचवते लवकर पण श्वास घेऊ देत नाही’. आणि शब्दप्रमाण म्हणजे वेंडरचा इंजिनिअर फोनवर सांगतो ते: ‘सर, एकदा दुसऱ्या ब्राउझरमध्ये बघा ना.’ आप्तवाक्य इतकं दुर्बळ कुठल्याच दर्शनात नसेल. गंमत म्हणजे आजवर सर्वांत जास्त तिकिटं त्यानेच बंद केली आहेत.

पंथ मुख्यतः तीन. क्रोमवाले बहुसंख्य, म्हणून बेफिकीर. फायरफॉक्सवाले थोडे, म्हणून कडवे. एजवाले मुकाट, तो विंडोजबरोबर आला आणि त्यांनी काढला नाही, एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. चौथा एक संन्यासी पंथ आहे, जो प्रत्येक दुखण्यावर ‘इन्कॉग्निटोमध्ये उघड’ एवढंच सांगतो. कुकी नाही, हिस्टरी नाही, पूर्वाश्रमीचं काही आठवत नाही. त्यांच्याशी वाद घालता येत नाही.

आता कुलवृत्तांत, कारण आपल्याकडे गोत्र विचारल्याशिवाय पान हलत नाही, आणि सर्व्हरकडेही हलत नाही. पान मागताना ब्राउझर आपली ओळख सांगतो. ती ओळख एकदा सावकाश वाचावी. क्रोम सांगतो: मी मोझिला ५.०, मी अ‍ॅपलवेबकिट, केएचटीएमएल, गेकोसारखाच बरं का, मी क्रोम आणि मी सफारीसुद्धा. एवढी सोयरीक वधू-वर सूचक मंडळातही कोणी छापत नाही. कारण जुनं आहे. नव्वदीत काही साइट नेटस्केपलाच पंक्तीत बसवत. नेटस्केप स्वतःला मोझिला म्हणवून घेई. मग इंटरनेट एक्स्प्लोररही मोझिला म्हणवून घेऊ लागला आणि पंक्तीत शिरला. पुढे जो आला त्याने आधीच्या सगळ्यांची आडनावं लावली.

रक्ताचं नातं पाहिलं तर वाद आणखीच हास्यास्पद ठरतो. केडीईच्या मुक्त प्रकल्पातल्या केएचटीएमएलवरून अ‍ॅपलने वेबकिट बेतलं. २०१३ मध्ये गूगलने वेबकिटची वेगळी चूल मांडली, तिचं नाव ब्लिंक. ऑपेराने त्याच वर्षी स्वतःचं इंजिन मोडीत काढून ही चूल धरली. जानेवारी २०२० पासून एजही तिथेच जेवतो. शेजारच्या घणसोलीत ज्यांचं कॉर्पोरेट पार्क आहे त्या जिओने २०२० मध्ये जिओपेजेस आणला, मराठीसकट अनेक भारतीय भाषांसह, चूल तीच. म्हणजे टपरीवर क्रोमवाला आणि एजवाला हमरीतुमरीवर येतात तेव्हा एकाच भटारखान्याच्या दोन दारांवरून भांडत असतात. वेगळं शिजवणारे नावाजलेले दोनच उरले, फायरफॉक्स आणि सफारी. पैकी सफारीचा विषय महापेत निघत नाही. मॅक फक्त एमडींकडे असतो आणि एमडींचं सगळं चालतंच.

फायरफॉक्सवाल्यांकडे मात्र एक पुरावा असा आहे की अभ्यासकाने थबकावं. फायरफॉक्स १.० जगासमोर आला ९ नोव्हेंबर २००४ रोजी. ठाण्याहून रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे करत वाशीला जाणारी ट्रान्स-हार्बर लोकल सुरू झाली तीही ९ नोव्हेंबर २००४ रोजी. ज्या दिवशी कोल्हा सुटला त्याच दिवशी कोल्ह्याच्या भक्तांना कामावर आणणारी गाडी सुटली! आमच्यातले एक ज्येष्ठ हे सांगताना वडापाव खाली ठेवतात.

इथे शास्त्राने सावध केलं आहे. याला काकतालीय न्याय म्हणतात: कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. प्रस्तुत लेखकाचं प्रतिपाद्य एवढंच की सगळी ब्राउझरनिष्ठा या न्यायावर उभी आहे. सगळं बंद पडलेल्या रात्री ज्या ब्राउझरमध्ये पान पहिल्यांदा उघडलं, तो त्या अ‍ॅडमिनला जन्मभर भरवशाचा. फांदी कशाने मोडली हे बघायला रात्री अडीचला कोणी वर चढत नाही.

म्हणूनच अ‍ॅडमिनच्या पेनड्राइव्हवर अजून फायरफॉक्स ५२ ईएसआर सापडतो. जुन्या सर्व्हरच्या कन्सोलला जावा प्लगइन लागतं, आणि ते मानणारी ही फायरफॉक्सची शेवटची पिढी. २०२० मध्ये मोठ्या ब्राउझरांनी टीएलएसच्या जुन्या आवृत्त्या टाकल्या आणि कपाटातल्या कित्येक धडधाकट स्विचांची पानं एका अपडेटसरशी उघडेनाशी झाली. क्रोममध्ये प्रमाणपत्राचा लाल इशारा हटवायचा तर एक मंत्रही आहे: त्या पानावर रकाना नसताना, काही उमटत नसताना, ‘धिसइजअनसेफ’ असं इंग्रजीत सलग टाइप करायचं. हा गुरुमुखातूनच मिळतो. नव्या पोराने तो पहिल्यांदा जपला आणि पान उघडलं, तेव्हा त्याने नकळत कीबोर्डला नमस्कार केला. मी पाहिलं आहे.

आणि एक्स्प्लोरर? तो १५ जून २०२२ ला गेला. पण पिंडाला कावळा शिवेना. कुठल्या कुठल्या पोर्टलांत त्याचा जीव अडकला होता. म्हणून मायक्रोसॉफ्टने निदान २०२९ पर्यंतचा शब्द आधीच दिला होता: एजमध्ये ‘आयई मोड’ लावला की एजच्या अंगात एक्स्प्लोरर येतो, मागेल ते द्यायचं, काम करून घ्यायचं.

सरकारनेही यात लक्ष घातलं आहे. २०२३ मध्ये स्वदेशी ब्राउझरसाठी स्पर्धा लावली. अटींत दोन गोष्टी होत्या: भारताचं स्वतःचं मूळ प्रमाणपत्र ब्राउझरने मानावं आणि डोंगल लावून त्यातूनच डिजिटल सही करता यावी. मार्च २०२५ मध्ये झोहोने एक कोटीचं पहिलं बक्षीस नेलं. डोंगलची अट ज्याने घातली त्याने कधीतरी स्वतः निविदा भरलेली असणार, असं माझं अनुमान आहे.

कारण ती आम्हीही भरतो. मुदत तीनची, पावणेदोनला खरेदी विभागातल्या मॅडमचा फोन: ‘सर, डोंगल दिसत नाहीये.’ क्रोममध्ये चक्र फिरत राहिलं. फायरफॉक्समध्ये टोकन सापडेना. जावा काढलं, परत टाकलं, कॅशे मारली, मशीन रिस्टार्ट केलं. मॅडमच्या मागे साहेब येऊन उभे राहिले, साहेबांच्या मागे त्यांचे साहेब. दोन एक्केचाळीसला एज उघडला, आयई मोड लावला, आणि पडद्यावर पिनची चौकट आली. दोन बावन्नला पोचपावती छापून निघाली. साहेब म्हणाले, ‘मी म्हणतच होतो, एज वापरा.’ ते तसं कधीच म्हणाले नव्हते.

संध्याकाळी टेबलाखाली वाकलो तर पुढच्या यूएसबी पोर्टात साहेबांच्या फोनची वायर, डोंगल मागच्या पोर्टात. ऑफिस बॉयला विचारलं. म्हणाला, ‘साहेबांचा फोन चार टक्क्यांवर आला होता, म्हणून ते काढून मागे खोचलं. अडीचच्या नंतर कधीतरी.’ पुढचं पोर्ट सैल आहे. चार्जिंग होतं, डेटा जात नाही.

मी हे सगळ्यांना सांगितलं. मॅडमनी ऐकून घेतलं. मॉनिटरच्या कडेला पिवळी चिठ्ठी आहे, ‘टेंडर फक्त एज’, आणि ती पडू नये म्हणून आता वरून सेलोटेपही लावला आहे. परवा पुन्हा एक निविदा होती. डोंगल मागच्याच पोर्टात आहे हे मी दोनदा वाकून पाहिलं. मग एज उघडला.