जरा पाणी आण

रिमोटरावांना वास येतो. म्हाताऱ्या शेतकऱ्याला वळवाच्या पावसाचा येतो, तसा. पडद्यावर अजून काहीही घडलेलं नसतं. नायिकेने नुसतं दार लोटून घेतलेलं असतं, मागे कुठूनसा सॅक्सोफोन सुरू झालेला असतो आणि इतका वेळ एकमेकांवर खेकसणारी ती दोघं अचानक हळू आवाजात बोलायला लागलेली असतात. बाकीच्यांना वाटतं, चला, भांडण मिटलं. रिमोटरावांचा अंगठा तोवर बटणावर पोचलेला असतो.

ही विद्या त्यांनी अनुभवातून कमावली आहे. ‘आराधना’ (१९६९) पाहून जी पिढी शहाणी झाली, तिला पाऊस, ओले कपडे आणि शेकोटी यांची बेरीज शिकवावी लागत नाही. त्या काळी बरंचसं काम फुलापाखरांवर भागत असे. दोन गुलाब एकमेकांवर आपटले की प्रेक्षकांनी काय ते समजून घ्यायचं आणि पुढच्या प्रसंगात नायिकेला चक्कर यायची. गुलाबांचं काम गुलाबांनीच करावं, असं रिमोटरावांचं आजही प्रामाणिक मत आहे.

त्यांचं खरं नाव काय, याला फारसा अर्थ नाही. वय त्र्याहत्तर, बँकेतून निवृत्त, सोसायटीचे माजी खजिनदार, चष्म्याला दोरी. ते डोंबिवलीत आहेत, कोथरूडला आहेत, सांगलीत गल्लीला एक आहेत. मुलाकडे एडिसनला सहा महिन्यांसाठी गेले, तरी तिथला रिमोट दुसऱ्या दिवशी त्यांच्याच हातात असतो.

अर्थात रिमोट हे शेवटचं शस्त्र. आधी खाकरणं होतं. त्याने काही साधलं नाही, तर ‘जरा पाणी आण’. हे वाक्य घरातल्या सर्वांत लहान माणसाला उद्देशून असतं. त्यांच्या मुलाने लहानपणी पाण्याच्या इतक्या खेपा घातल्या आहेत, की हिंदी सिनेमांच्या कित्येक गोष्टी त्याला मधला तुकडा गाळूनच ठाऊक आहेत. ‘ती दोघं पावसात अडकली होती, मी पाणी घेऊन आलो तर तिला मुलगा झालेला,’ असं तो सांगतो. आता ही जबाबदारी नातवाकडे आली आहे. पण नातू हुशार. तो दारात उभा राहून, नजर टीव्हीवर ठेवून विचारतो, ‘आजोबा, फ्रिजमधलं की माठातलं?’ मग, ‘अर्धा ग्लास की पूर्ण?’

पाणी आणायला कुणीच नसलं, की रिमोटराव वास्तुकलेकडे वळतात. ‘वाडा कुठला म्हणायचा हा? उदयपूरचा असेल.’ मग छताची उंची, भिंतीवरची तसबीर, पडद्यांचं कापड. एकदा तर पलंगावर काय चाललंय हे सोडून त्यांनी पलंगाबद्दल सगळं सांगितलं. शिसवी आहे, कोरीवकाम जुनं आहे, आता असे कारागीर मिळत नाहीत.

घरातले बाकीचे त्यांना आपापल्या परीने साथ देतात. वहिनींच्या, म्हणजे त्यांच्या सौ.च्या, पुढ्यात अशा वेळी मेथी असतेच. एरवी दहा मिनिटांत निवडून होणारी ती जुडी प्रसंग लांबला तर निवडलेल्या पानांसकट पुन्हा निवडली जाते. सून फोनमध्ये डोकं घालते. साथ देत नाहीत त्या फक्त आजी, म्हणजे रिमोटरावांच्या मातोश्री. चौऱ्याण्णव वर्षांच्या, ऐकायला कमी, नजर मात्र शाबूत. त्या भर शांततेत मोठ्यांदा विचारतात, ‘का रे, चॅनल का बदलतोस? नवराबायकोच आहेत ना ती?’

‘नाहीत गं आई.’

‘मग होतील की!’

यावर रिमोटरावांपाशी उत्तर नसतं. आजी हॉलमध्ये असेपर्यंत ते सज्ञान होत नाहीत, हीच तर त्यांची अडचण आहे. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने अठरा वर्षांपुढचा माणूस प्रौढ मानला. २०२३ च्या दुरुस्तीने ‘यूए’मध्येही सात, तेरा आणि सोळा अशा पायऱ्या केल्या. हे सगळं वयाचं गणित रिमोटरावांना निरुपयोगी वाटतं. त्यांच्या मते प्रमाणपत्र नात्यावरून द्यावं: ‘एकट्याने पाहण्यास योग्य’, ‘मित्रांसह’, ‘सौ.सह, पण मुलं झोपल्यावर’, ‘सुनेसह’, आणि सगळ्यांत कडक वर्ग ‘व्याह्यांसह’. खरं सांगायचं तर मला ही योजना सेन्सॉर मंडळाच्या योजनेपेक्षा शास्त्रशुद्ध वाटते.

कारण हा माणूस सोवळा मुळीच नाही. ‘सखाराम बाइंडर’ १९७२ साली आलं, त्यावर गदा आली, कमलाकर सारंग कोर्टात गेले आणि जिंकले, हे सगळं ते काल घडल्यासारखं सांगतात. कॉलेजातल्या मित्रांबरोबर त्यांनी ते नाटक पाहिलं आणि लालन सारंगांची चंपा पाहून परतताना कलावंताच्या स्वातंत्र्यावर मध्यरात्रीपर्यंत वाद घातला. दादा कोंडक्यांच्या सिनेमाला ते सहकुटुंब जात आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत. एका वाक्याचे दोन अर्थ निघाले, तर दुसरा अर्थ आपल्यालाच कळला आणि शेजारी बसलेल्या काकूंना कळला नाही, असं प्रत्येकाला मानता येतं. काकूही तेच मानत असतात. चित्राला अशी पळवाट नसते. ते सगळ्यांना एकदमच कळतं.

हे घराण्यातच असावं. त्यांच्या वडिलांनी १९३८ चा ‘ब्रह्मचारी’ अनेकदा पाहिला होता. त्यात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात आल्या आणि महाराष्ट्रात केवढी खळबळ उडाली. वडील मात्र म्हणत, ‘अत्र्यांचे संवाद फार उत्तम.’

रवी जाधवांचा ‘न्यूड’ आला तेव्हाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. २०१७ मध्ये गोव्याच्या इफ्फीतून तो ऐन वेळी वगळला गेला, तेव्हा रिमोटराव कट्ट्यावर तावातावाने चित्रपटाच्या बाजूने बोलले होते. पुढच्या वर्षी तो प्रदर्शित झाल्यावर पाहणं भागच होतं. खिडकीशी गेले. ‘दोन द्या.’ कशाची? ‘त्याची... मराठी.’ मराठी दोन लागलेत काका. ‘तो, रवी जाधवांचा.’ खिडकीतल्या मुलीने सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात नाव उच्चारून खात्री करून घेतली. रिमोटरावांनी मागे वळून रांगेला सांगितलं, ‘जे. जे. स्कूल ऑफ आर्टवर आहे.’ आणि गंमत म्हणजे आत गेल्यावर ते एकदाही खाकरले नाहीत. चित्रकलेच्या वर्गात विवस्त्र बसून पोरासाठी पैसे कमावणारी ती बाई पाहून त्यांचे डोळे भरून आले. शेजारी वहिनी होत्या, पण अंधारही होता आणि ओळखीचं कुणी नव्हतं.

घरच्या हॉलमध्ये अंधार नसतो. ट्यूबलाइट असते.

पूर्वी तर रिमोटही नव्हता. दूरदर्शनचं एकच चॅनल, म्हणजे बदलून जायचं कुठे? बातम्यांची वाट पाहत सगळा वाडा जमलेला असताना सरकार स्वतःच ‘निरोध’ किंवा ‘माला-डी’ची जाहिरात दाखवी. सरकारला कोण बोलणार? शिवाय रविवार दुपारचे प्रादेशिक चित्रपट. राष्ट्रीय पुरस्कार आहे म्हणून रिमोटराव घरादाराला बळजबरीने बसवत. तासभर एक बैलगाडी संथपणे जाई, मुलं पेंगू लागत, आणि मग पूर्वसूचना न देता कलात्मक काहीतरी सुरू होई. अशा वेळी रिमोटराव उठून टीव्हीसमोर उभे राहत आणि अँटेनाची वायर तपासत. त्यांची पाठ तेव्हा रुंद होती.

चित्रपटाच्या नावावर विश्वास ठेवण्याची खोडही तेव्हाचीच. १९८५ मध्ये ‘राम तेरी गंगा मैली’ला ते आईला घेऊन गेले. नावात राम आहे, गंगा आहे, राज कपूरचं संगीत चांगलं असतं. धबधब्याखाली मंदाकिनी आली तेव्हा त्यांनी आईला काशीयात्रेच्या खर्चाविषयी विचारलं.

एवढं होऊनही २०२३ मध्ये त्यांनी नातवाला ‘ओपेनहायमर’ दाखवायला नेलं. नातू दहावीत, विज्ञानाची गोडी लागावी, अणुबॉम्ब कसा तयार झाला ते समजावं. थिएटरात रिमोट नाही, आणि ‘पाणी आण’ म्हणावं तर मल्टिप्लेक्सच्या बाटलीची किंमत ठाऊक. तो प्रसंग आला. भारतातल्या प्रतीत फ्लॉरेन्स प्यूच्या अंगावर संगणकाने काळा पोशाख चढवला होता, त्यामुळे रिमोटराव थोडे सावरले. मान खाली घालणार, तेवढ्यात पडद्यावर भगवद्गीता निघाली. आता गीता समोर आल्यावर मान खाली कशी घालायची? संस्कृत दिसलं की वाचायचं, ही शाळेपासूनची सवय. त्या प्रसंगावरून पुढे देशभर गदारोळ झाला. रिमोटरावांचा राग वेगळा होता. ‘अकरावा अध्याय,’ ते म्हणाले, ‘निवांत बसून वाचायचा असतो.’

या माणसाला हिंसेचं मात्र काही वाटत नाही. ‘सेक्रेड गेम्स’ २०१८ मध्ये आलं, ते ‘आपला जितेंद्र जोशी आहे’ या एका कारणावर घरात लागलं. सुरुवातीलाच इमारतीवरून कुत्रं खाली पडलं, रक्त सांडलं. वहिनी हळहळल्या, रिमोटराव स्थिर. त्यातल्या गायतोंडे नावाच्या गुंडाने माणसं मारायला घेतली, की त्यांना हायसं वाटे. आता दहा मिनिटं तरी सहकुटुंब बसायला हरकत नाही. गोळ्या घाला, बोटं छाटा, बॉम्ब फोडा. पण गोळीबार थांबला आणि कुणी दिवा मालवला, की रिमोटराव ताठ.

तिथेच त्यांची नव्या यंत्राशी गाठ पडली. ओटीटीवर चॅनल बदलता येत नाही, दहा-दहा सेकंदांनी पुढे ढकलावं लागतं. त्यांनी एकदा दाबलं. प्रसंग तिथेच, फक्त कोन बदलला. पुन्हा दाबलं. इंटरनेट अडकलं, पडदा गोठला आणि नको त्या चित्रावर एक गोल चक्र फिरत राहिलं. घाबरून त्यांनी भलतंच बटण दाबलं, तर सगळं मागे गेलं आणि दार लोटण्यापासून पुन्हा सुरू झालं. दिग्दर्शकाने पाऊण मिनिटात उरकलेलं काम रिमोटरावांनी साडेतीन मिनिटांवर नेलं. आजी म्हणाल्या, ‘हे मघाशी झालं ना?’

सुनेने त्यांना मध्यंतरी सांगितलं, की अशा दृश्यांसाठी आता सेटवर खास माणूस असतो. ‘गहराइयाँ’च्या (२०२२) वेळी तर श्रेयनामावलीत तसं नाव होतं. कोणी कुठे हात ठेवायचा, काय झाकायचं, नटांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून काय करायचं, हे सगळं आधी ठरवतात. रिमोटरावांनी लक्षपूर्वक ऐकलं. चाळीस वर्षं हॉलमध्ये आपण दुसरं काय केलं, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर उमटला.

‘पगार देतात?’ त्यांनी विचारलं.

गेल्या डिसेंबरात सुनेचे आईवडील नागपूरहून राहायला आले. जेवणं झाली, आणि कुणीतरी सुचवलेली एक ‘ऐतिहासिक’ मालिका लावली गेली. दोन तलवारी चालल्या, एक राजा मेला, सगळं छान चाललं होतं. मग राणीने दासींना बाहेर जायला सांगितलं. रिमोटराव खाकरले. त्याच क्षणी सोफ्याच्या दुसऱ्या टोकाकडून व्याहीही खाकरले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

‘पंखा वाढवू का?’ रिमोटराव.

‘हो हो, फार उकडतंय जी,’ व्याही म्हणाले. अंगात स्वेटर होता.

पंखा वाढला. राणीची नथ काढून झाली होती. ‘महाल ग्वाल्हेरचा दिसतो,’ व्याही म्हणाले. ‘खांब बघा ना.’ ‘मला वाटतं मांडू,’ रिमोटराव म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात वर्षानुवर्षं एकट्याने गाणाऱ्याला संवादिनीची साथ मिळाल्याचा आनंद होता. नातवाला पाठवावं, तर तो मित्राकडे गेलेला. रिमोट हाती घ्यावा, तर तो आजींच्या मांडीवर, आणि आजींची मूठ घट्ट. तेव्हा रिमोटरावांनी व्याह्यांना सोसायटीची गच्चीवरची नवी टाकी पाहायला यायचं निमंत्रण दिलं. व्याही चपला शोधण्याआधीच दाराबाहेर होते.

टाकी पाहून झाली. तिची क्षमता, मोटरची ताकद, वॉटरप्रूफिंगला आलेला खर्च, कंत्राटदाराची लबाडी, सगळं झालं. ‘आमच्याकडे मी सरळ मेन स्विच बंद करतो,’ व्याह्यांनी खासगीत सांगितलं, ‘इन्व्हर्टर घेतल्यापासून तेही जमत नाही.’ पुरेसा वेळ गेल्याची दोघांची खात्री पटल्यावर ते खाली आले. रिमोटरावांनी दार किलकिलं केलं, नजर जमिनीवर ठेवली आणि विचारलं, ‘झालं का?’

‘केव्हाच,’ विहीणबाई म्हणाल्या. ‘दोघांचीही मुंडकी उडवली. या, बसा आता निवांत.’