वाऱ्याच्या नावानं पावती

दिल्लीत परवा किती धूर साठणार, हे पुण्यात पाषाण रस्त्यावर बसून सांगितलं जातं. तिथल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं २०१८ मध्ये दिल्लीसाठी पूर्वसूचनेची यंत्रणा उभी केली. दुसऱ्याच्या घरात काय चुकतंय हे सांगायची पुण्याला हौस जुनीच. आता हाताशी महासंगणकही आला.

गणित मात्र चोख. दिल्लीचे ४०० मीटरचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनात धूर किती सुटतो ते भरायचं, वारा कुठून नि किती जोरात ते भरायचं, आणि हवेचं झाकण किती उंचीवर आहे तेही. हे झाकण मोठं गमतीचं. उन्हाळ्यात दुपारी जमीन तापते, हवा किलोमीटर-दोन किलोमीटर वरपर्यंत घुसळली जाते. थंडीत रात्री जमिनीलगत गारठा, वर त्याहून उबदार थर. झाकण खाली येऊन काहीशे मीटरवर बसतं. पातेल्यातला धूर वाटीत ओतल्यासारखं होतं. शहरात एकही चूल जास्त पेटली नाही तरी प्रदूषणाचा आकडा चढतो.

आणि इथंच सगळ्यांची सोय होते. ‘प्रतिकूल हवामान’ म्हटलं की फाइल बंद. वाऱ्याला ना मतदारसंघ, ना वकील. त्याच्या नावानं पावती फाडली की कुणी दाद मागायला येत नाही.

धुराचा रकाना बघा जरा. वारा मोजायला फुगे आहेत, उपग्रह आहेत. धुराची नोंद करायला माणसं चौकाचौकांत फिरवावी लागतात, आणि ती परत येईतो तिथं नवा टॉवर उभा असतो. पंजाब-हरयाणातली पेटती शेतं टिपणारे उपग्रह दुपारी दीडच्या सुमारास वरून जातात. अलीकडे पेंढा पेटतो तो त्यानंतर. एका जागी थांबून दिवसभर बघणाऱ्या दुसऱ्या उपग्रहानं ही चलाखी उघड केली. पण शेतकऱ्याला हसू नका. आमच्या सोसायटीसमोर पालापाचोळा पहाटे पावणेसहाला पेटतो, कारण निरीक्षकसाहेब आठला येतात. गेल्या आठवड्यात त्यात एक रबरी चप्पल होती. वास पोहे खाईपर्यंत नाकात. ही चप्पल कुठल्या चौकोनात बसवायची?

दिल्लीत २०१७ पासून आकडा चढेल तशी टप्प्याटप्प्यानं बंधनं लागतात. २०२२ मध्ये नियम सुधारला: आकडा चढायची वाट बघू नका, अंदाज बघून तीन दिवस आधीच कामाला लागा. म्हणजे बांधकाम थांबवा, जनरेटर बंद करा. आम्ही नागरिक त्या तीन दिवसांत एवढंच करतो, की आजोबांचा सकाळचा फेरफटका रद्द करतो. सिमेंटचा मिक्सर फिरतोच आहे.

हातातला रकाना सोडून आभाळातला दुरुस्त करायचा प्रयोगही करून झाला. २८ ऑक्टोबर २०२५ रोजी आयआयटी कानपूरच्या विमानानं दिल्लीवरच्या ढगांत रसायन पेरलं. ढगांत पुरेशी ओलच नव्हती. दिल्लीत पाऊस म्हणावा असा काही पडला नाही.