आई कुठाय?

‘पपी अव्हेलेबल, केसीआय पेपरसकट.’ अशी जाहिरात दिसली की फोन करून एकच विचारा, पिल्लाची आई बघायला मिळेल का? बहुतेकदा उत्तर येतं, ‘आई गावाकडे आहे.’ मग पिल्लू सोसायटीच्या पार्किंगमध्ये हातात ठेवलं जातं. जेमतेम महिन्याचं, डोळ्यांत चिपडं, पोट टम्म.

आई गावाकडे नसते. ती शेडमधल्या पिंजऱ्यात असते. सड लोंबलेले, जाळीवर उभं राहून पंजे सोललेले, आणि पुढच्या माजाला पुन्हा नर तयार.

केंद्राने 2017 मध्ये श्वान प्रजननाचे नियम केले. ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, 18 महिन्यांच्या आत मादी भरवायची नाही, लागोपाठच्या माजाला तर नाहीच, आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायचं नाही. यातलं काय जाचक आहे? माणुसकी असलेला ब्रीडर हे नियम नसतानाही पाळत होता.

तरी ‘इन्स्पेक्टर राज’ची ओरड होतेच. चिरीमिरीची भीती खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण नियम नसले तर मरतो कोण? मादीला विश्रांती देणारा, जोडी लावण्याआधी खुब्याचे एक्स-रे काढणारा. त्याचं पिल्लू महाग पडतं आणि शेजारचा शेडवाला निम्म्या भावात गिऱ्हाईक पळवतो. नियंत्रण हवं ते या चांगल्या माणसासाठीच. आणि केसीआयच्या, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाच्या, कागदाचं कौतुक पुरे! तो वंशावळीचा दाखला आहे. आई कशी ठेवली, किती वेळा व्याली, याची हमी तो देत नाही.

खरी गोम दंडात आहे. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे 10 ते 50 रुपये. एवढ्यात पिल्लाच्या गळ्यातला पट्टाही येत नाही. हजारोंनी पिल्लं विकणाऱ्याला याची कसली जरब बसणार?

ब्रिटनमध्ये ‘लूसी’ नावाच्या कुत्रीला पपी फार्ममधून सोडवलं गेलं. तिच्या नावाचा कायदा एप्रिल 2020 पासून इंग्लंडमध्ये लागू आहे. सहा महिन्यांखालचं पिल्लू दलालामार्फत विकता येत नाही, आणि ब्रीडरकडेही ते आईसोबतच बघायला मिळालं पाहिजे.

आपल्याकडे दंड हजारांत न्यावा. नोंदणीकृत ब्रीडरांची जिल्हावार यादी मंडळाने जाहीर करावी आणि नोंदणी क्रमांक नसलेली प्रत्येक जाहिरात त्याच दिवशी उतरवायला लावावी.