ढीग तोच, धान्य नवं

दुकानाच्या पाटीवर 60 टक्के जागा कन्नडला हवी, असा कायदा कर्नाटकानं 2024 मध्ये केला आणि बेळगावात पाट्या मोजणाऱ्यांना बरे दिवस आले. अक्षराची उंची किती, वरची ओळ कोणाची, खालची कोणाची, रंग कुठला, सगळं डोळ्यांत तेल घालून बघितलं जातं. बघणारे कन्नड आणि मराठी अशा दोन्ही बाजूंना आहेत आणि दोघांचीही नजर पक्की आहे. त्याच दुकानदाराच्या दुपारच्या ताटात भात आणि भाकरीनं किती टक्के जागा अडवली आहे, हे मात्र ना इकडचे मोजतात ना तिकडचे. ते काम भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीनं केलं. देशभरच्या जेवणाचा तो हिशेब 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय माणसाच्या रोजच्या ऊर्जेतला 62 टक्के वाटा एकट्या कर्बोदकांचा, म्हणजे भात, पोळी, भाकरी, साखर यांचा, असं त्यात निघालं. पाटीपेक्षा दोन टक्के जास्त. आणि यासाठी कायदा करावा लागला नाही, दंड लावावा लागला नाही, मोर्चा तर नाहीच नाही. जनतेनं स्वयंस्फूर्तीनं राबवलेला नियम असा असतो.

या नियमाचं फळ म्हणजे ‘बॉर्डरवरची शुगर’. उपाशीपोटी साखर 100 ते 125 च्या मध्ये, किंवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारा एचबीएवनसी 5.7 ते 6.4 च्या मध्ये आला, की डॉक्टर म्हणतात, अजून डायबेटिस नाही, पण बॉर्डरवर आहात. पुण्यामुंबईचा माणूस हे ऐकून घाबरत असेल. बेळगावातल्या खासबाग, वडगाव, शहापूरचा माणूस निर्धास्त होतो. 1956 पासून आपण महाराष्ट्र-कर्नाटकाच्या बॉर्डरवर आहोत, तिथं काय होतंय? सुप्रीम कोर्टातला सीमेचा दावाही 2004 पासून आहे, तारखा पडतात, माणसं जगतात. फरक एवढाच, की जमिनीची सीमा सत्तर वर्षांत तसूभर हललेली नाही आणि रक्तातली सीमा दर जेवणाला हलते. इंडियाबच्याच 2023 च्या आकड्यांनुसार देशात 13 कोटी 60 लाख लोक या पट्ट्यात राहतात आणि 10 कोटी 10 लाख लोक पलीकडे पोहोचलेत. पलीकडे म्हणजे काय, हे बघायला लांब जायला नको. चोर्ला घाट उतरला की गोवा, आणि मधुमेहाच्या प्रमाणात देशात पहिलं राज्य गोवाच, 26.4 टक्के.

आता या बॉर्डरवर उपाय सुरू नाहीत असं कोणी म्हणू नये. उपाय जोरात आहेत. साखरेचा चहा बंद होऊन गुळाचा चहा आला. पांढरा तांदूळ जाऊन ब्राउन राइस आला. गव्हाच्या पिठाच्या जागी सात धान्यांचं, मग नऊ धान्यांचं पीठ आलं. गिरणीवाला यापुढं किती धान्यांपर्यंत जाईल हे त्याचं त्यालाच ठाऊक. पोळी सोडून ज्वारी धरली, ज्वारी सोडून नाचणी धरली. रात्रीचा भात बंद, आठ वाजता नुसते चिरमुरे, आणि नुसते म्हणजे फरसाण, शेंगदाणे, कांदा घातलेले. चिरमुरे हा तांदूळच आहे, फक्त हवा भरलेला, हे सांगणाऱ्याला घरात कोणी विचारत नाही. एवढी धान्यं बदलली, दुकानं बदलली, प्रसंगी डॉक्टर बदलले. बदलला नाही तो ताटातला ढीग. आपल्याकडं बदल कितीही चालतो, घट अजिबात चालत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी माझ्या अकलेवर सांगत नाही. त्याच पाहणीत संशोधकांनी हिशेब मांडून बघितला, की पांढऱ्या तांदळाच्या जागी अख्ख्या गव्हाचं किंवा भरडधान्याचं पीठ आलं, पण एकूण कर्बोदकं तेवढीच राहिली, तर मधुमेहाचा धोका कमी दिसतो का? दिसत नाही. कर्बोदकांतला थोडा वाटा काढून त्या जागी डाळी-कडधान्यातली किंवा दूध-दह्यातली प्रथिनं मांडली, तेव्हा दिसतो. यात अक्रीत काही नाही. शंभर ग्रॅम तांदळात 78 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात, ज्वारीच्या पिठात सत्तरच्या आसपास. ज्वारीत तंतू जास्त, ती जरा सावकाश पचते, हे खरं. पण एका भाताच्या जागी तीन भाकऱ्या आल्या तर सावकाशपणा कुठवर पुरणार? गुळाचं तर विचारूच नका. त्यात लोह आहे, तांबूस रंग आहे, कोल्हापूरचा अभिमान आहे आणि जवळपास सगळी साखर आहे.

उपवास हा या शास्त्राचा कळस. साबुदाणा, वरी, रताळं, राजगिऱ्याचा लाडू, बटाट्याचा कीस. शोधूनसुद्धा यापेक्षा जास्त पिष्टाचा बेत जमणार नाही. एकादशी दुप्पट खाशी असं आपल्या पूर्वजांनी म्हणून ठेवलं तेव्हा त्यांच्याकडं ग्लुकोमीटर नव्हता, तरी त्यांचा अंदाज बरोबर होता.

मग किती कमी करायचं? इथं लोकांची कल्पना अशी, की कमी कार्ब म्हणजे भात-भाकरी कायमची बंद, लोण्याचे गोळे, पनीर आणि परदेशी बिया. तसं कोणी म्हणत नाही. याच इंडियाबच्या मंडळींनी 2022 मध्ये गणित करून सांगितलं, की उंबरठ्यावरच्या माणसाला मागं फिरायचं असेल तर कर्बोदकांचा वाटा साठ-पासष्ट टक्क्यांवरून निम्म्याच्या जरा वर आणावा आणि प्रथिनांचा वाटा वीस टक्क्यांच्या जवळ न्यावा. म्हणजे तीन भाकऱ्यांची दीड, भाताच्या डोंगराची एक वाटी, आणि रिकाम्या झालेल्या जागेत उसळ, घट्ट आमटी, झुणका, दही, अंडं, मासळी, पालेभाजी. जेवताना आधी भाजी-उसळ आणि शेवटी भात, असा क्रम लावला तरी जेवणानंतरची साखर कमी उसळते. गंमत अशी, की या सल्ल्याला लागणारा माल आपल्याच शिवारात पिकतो. येळ्ळूर, शहापूर, वडगावच्या काळ्या रानात खरिपाला बासमती येतो, ज्याच्या वासाचं कौतुक सांगताना बेळगावकराचा गळा दाटतो; आणि भात कापला की त्याच रानात त्याच ओलीवर मसूर येतो, वाटाणा येतो. एकाच जमिनीचं एक पीक आपण वाढायला घेतलं ते डावानं आणि दुसरं चमच्यानं. बायपासखाली गेलेली जमीन सोडून उरलेलं शिवार अजून दोन्ही देतं. खासबागच्या रविवारच्या बाजारात कडधान्य मिळतं. पण मधुमेहावरचा उपाय बाजारात गोणीत उघडा पडलेला असतो यावर कोणाचा विश्वास बसत नाही. तो डब्यात असावा, डब्यावर इंग्रजी असावं आणि किंमत दुखली पाहिजे.

पहिला आक्षेप ठरलेला: आमचे आजोबा परातभर भात खायचे, नव्वद वर्षं जगले. जगले असतील. पण आजोबा खड्डामागावर बसत होते. खाली पायांनी पट्ट्या दाबायच्या, वर हातानं धोटा फेकायचा, सगळं अंग दिवसभर हलतंय. तो भात पोटातून थेट साडीत जात होता. आता माग विजेवर चालतो आणि माणूस त्याच्यापुढं उभा राहून तुटलेला धागा जोडतो. घाम येतो तो पत्र्याच्या उष्णतेनं. निपाणीकडं विडी वळणारी बाई सूप मांडीवर घेऊन दिवस काढते. बैठं काम म्हणजे साहेबाचं काम, ही समजूत चुकीची आहे. गरिबाचं कामही आता बैठं झालं, फक्त खुर्ची मिळाली नाही. याच्या जोडीला दुसरा आक्षेप: मी तर काडीपैलवान, मला कसली शुगर? त्याला उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी स्वतःच्या शरीरावरून देऊन ठेवलंय. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’नं त्यांचा आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो छापला. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचंही 22.3, म्हणजे दोघंही कागदावर सडपातळ. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. आपण बारीक दिसतो आणि आतून लठ्ठ असतो, स्नायू कमी आणि पोटाभोवतीची चरबी जास्त. काट्यावर उभं राहून हे कळत नाही.

तिसरा आक्षेप जास्त शहाणा आहे आणि त्याला मान दिला पाहिजे. उंबरठा, बॉर्डर हे सगळं औषध कंपन्यांनी काढलेलं आहे, असं काही जण म्हणतात. उपाशीपोटीची रेषा 110 वरून 100 वर अमेरिकन डायबेटिस असोसिएशननं 2003 मध्ये आणली, आणि एका रात्रीत कोट्यवधी लोक झोपेतच सीमेवर येऊन पडले, हे खरं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं आपली 110 ची रेषा हलवली नाही, हेही खरं. पट्ट्यातला प्रत्येक जण पलीकडे जातोच असंही नाही. म्हणून 102 आली की अंथरूण धरायचं कारण नाही. पण चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटानं उंबरठ्यावरच्या 531 जणांना सुमारे तीन वर्षं बघितलं, आणि ज्यांना काहीच विशेष सांगितलं नव्हतं त्यांच्यातल्या 55 टक्क्यांना मधुमेह झाला. साखर-मैदा कमी करा आणि रोज चाला, एवढंच ज्यांच्या मागं लागून सांगितलं त्यांच्यात हे प्रमाण 39 टक्क्यांवर आलं. मेटफॉर्मिनच्या गोळीनं जेवढं साधलं जवळपास तेवढंच सल्ल्यानं साधलं, आणि दोन्ही एकत्र दिली तरी वेगळा फायदा झाला नाही. त्यातही सल्ला मानणाऱ्यांचं वजन फारसं उतरलेलं नव्हतं, तरी फायदा झाला. काडीपैलवानांनी हे वाक्य दोनदा वाचावं. कंपनीचा कट असेल तर तो फारच गचाळ कट म्हणायला हवा, कारण त्यात गोळी न घेणारा माणूसही तितकाच सुटतो.

कुठला डाएट खरा, हा वाद मी मुद्दाम टाळतोय. महाराष्ट्रानं 2018 च्या सुमाराला दोनदाच खाणारे दीक्षितपंथी आणि दर दोन तासांनी खाणारे दिवेकरपंथी अशी फाळणी अनुभवली, आणि सीमाभागानंही परंपरेला जागून त्यात हिरीरीनं भाग घेतला. व्यवहारात काय झालं? काही जण दीक्षितांनी एका जेवणाला दिलेल्या पंचावन्न मिनिटांत दिवेकरांच्या दिवसभराचं खाऊ लागले. दोष दोघांचाही नाही.

खरा अडचणीचा आक्षेप चौथा: हे सगळं पोट भरलेल्यांचं शास्त्र. बारा तास माग चालवणाऱ्याला अंडी-पनीरचं गणित सांगू नका, त्याला रेशनवर तांदूळ मिळतो, तो तांदूळ खातो. हे बरोबर आहे. कर्नाटक सरकारच्या अन्नभाग्य योजनेत माणशी दहा किलो तांदळाचं वचन होतं. 2023 मध्ये जादा पाच किलोंचा तांदूळ मिळेना म्हणून सरकारनं किलोला 34 रुपयांनी पैसे दिले, 2025 मध्ये पुन्हा तांदूळ दिला. भूक मोजायचं माप आपल्याकडं किलो हेच आहे, आणि ज्या घरात भूक खरी होती तिथं या तांदळानं ती भागवली, त्याची टिंगल करणारा मी नव्हे. पण ज्या सरकारचा एक हात तांदळाची पोती उतरवतो आणि दुसरा हात घरोघरी रक्त तपासायला माणसं पाठवतो, त्यानं दोन्ही हातांची कधीतरी ओळख करून द्यावी. 2025 च्या ऑक्टोबरात जादा पाच किलो तांदळाऐवजी तूरडाळ, तेल असं किट द्यायचं ठरलं तेव्हा वाटलं, ओळख झाली. मग यादी पुढं वाचली. त्यात साखरही होती. बरोबरच आहे. कर्नाटकात सर्वांत जास्त साखर कारखाने आपल्या जिल्ह्यात, साखर शिकवणारी निजलिंगप्पा संस्था आपल्या शहरात. उसाला भाव मागायला गुर्लापूरला रस्ता अडवावा लागतो, साखरेला मात्र तोंडापासून पोटापर्यंत रस्ता मोकळा. तरीही खर्चाचा मुद्दा अर्धाच खरा ठरतो. मसूर, मटकी, हरभरा, शेंगदाणे, ताक यांना कोणी श्रीमंताचं अन्न म्हणणार नाही, आणि दोन भाकऱ्यांचं पीठ वाचलं तर तेही पैसेच वाचतात. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालायला तर काहीच पडत नाही. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर सकाळी चालणारे कित्येक जण हे करतात. फक्त चालणं संपल्यावर इडली-वडा आणि पुन्हा तोच चहा, म्हणून हिशेब पूर्ववत होतो.

सगळ्यात अवघड जागा पैशाची नाहीच, वाढण्याची आहे. आपल्याकडं किती खायचं हे खाणारा ठरवत नाही, वाढणारा ठरवतो, आणि वाढणाऱ्याची अब्रू ढिगाच्या उंचीवर ठरते. कार्यालयात ‘नको’ म्हणणाऱ्या हाताच्या फटीतून भात सोडायचं कौशल्य असलेला वाढपी दर गल्लीत एक तरी असतो. घरी तेच काम बाई करते. नवऱ्याचा रिपोर्ट आला की त्याच्या ताटातला भात ती कमी करते, पातेल्यातला कमी करत नाही, कारण अचानक कोणी आलं तर? कोणी येत नाही. उरलेला भात टाकवत नाही, म्हणून सगळ्यांच्या मागून जेवताना ती तो संपवते. नवऱ्याची शुगर उतरते, डॉक्टर शाबासकी देतात, गल्लीतल्या मंडळाच्या मोफत तपासणी शिबिरात त्याचं नाव घेऊन भाषण होतं. तिचं बोट त्या शिबिरात कोणी टोचलेलं नसतं, कारण तेवढा वेळ ती मांडवामागं पाहुण्यांच्या शिऱ्याचा रवा भाजत असते.