हद्दीत राहून पडावे

मुंबई महापालिकेच्या नियमानुसार जाहिरातफलक 40 बाय 40 फुटांहून मोठा नसावा. घाटकोपरच्या छेडानगरात उभा होता तो 120 बाय 120 चा. म्हणजे एका चौकटीत नियम चक्क नऊ वेळा मावत होता. इतकं काटेकोर पालन कुठे पाहायला मिळतं? 13 मे 2024 ला वादळी वाऱ्यात तो पेट्रोल पंपावर कोसळला, 17 माणसं गेली आणि सगळ्यांना एकदम आपापले नकाशे सापडले. जागा लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातली. पालिका म्हणाली, आमची परवानगीच नव्हती. रेल्वे म्हणाली, जमीन आमची नव्हेच.

स्टेशनांलगतच्या फलकांचं दुखणं तर जुनंच. रेल्वेच्या जमिनीवर पालिकेची परवानगी लागत नाही, असं रेल्वे सांगत आली आहे. त्यामुळे खांब रुळांच्या बाजूला, तोंड मात्र पालिकेच्या रस्त्याकडे. भाडं रेल्वेला, सावली पालिकेला. त्याच सावलीत वडापावची गाडी दोन फूट पुढे सरकली, की अतिक्रमणवाल्यांचा टेम्पो हजर. ती हद्द सगळ्यांना तोंडपाठ.

आता तपासण्या, स्थैर्य प्रमाणपत्रं, नवं धोरण वगैरे होईलच. निविदेत एक अट तेवढी वाढवा: फलक पडायचाच झाला, तर ज्याच्या जमिनीवर उभा आहे त्याच्याच हद्दीत पडावा. आणि वाऱ्याला त्याची प्रत स्पीड पोस्टाने पाठवावी, पोचपावतीसह.